साक्षीदार समोरच्या रांगेतले

मौनीला नेतृत्वाची हौस नव्हती. तिला खोली हवी होती. पुढारीपणात ही काही नवी गोष्ट नव्हे. फरक इतकाच की मौनी ती मनातल्या मनात तरी कबूल करत होती.

मुलींच्या त्या वसतिगृहात दर मजल्याला एक प्रतिनिधी असे आणि प्रतिनिधीला एकटीची खोली मिळे. तिसऱ्या मजल्यावर ती खोली म्हणजे तीनशे बारा. पॅसेजच्या टोकाला, एक खाट, एक टेबल, एक खिडकी आणि दाराला आतून दोन कड्या. दुसरी कडी कुणी आणि कशाच्या भीतीने बसवली होती कोण जाणे, पण मौनीचा दोन वर्षं जीव होता तो त्या दुसऱ्या कडीवर.

कारण तिच्या वाट्याला भोंगा आली होती. भोंगा औषधनिर्माणशास्त्र शिकत होती आणि शिकताना बोलत होती. पहाटे पाचला उठून, येरझाऱ्या घालत, ती औषधांची नावं, मात्रा आणि दुष्परिणाम खणखणीत आवाजात पाठ करी. मौनी इतिहासाची विद्यार्थिनी. दोन वर्षांत तिला एकाही राजाची सनावळी नीट येत नव्हती. मळमळ, चक्कर, अंगावर पुरळ आणि क्वचित भ्रम हे मात्र झोपेतही सांगता आलं असतं. ती बोलत नसे म्हणून मौनी, ही थांबत नसे म्हणून भोंगा. वसतिगृहात बारसं एकदाच होतं आणि ते आईबापांना विचारून होत नाही.

निवडणूक सोपी गेली. तिसऱ्या मजल्यावर खोल्यांच्या दोन रांगा होत्या आणि त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. डावीकडच्या ऊनवाल्या, उजवीकडच्या सावलीवाल्या. ऊनवाल्यांचे कपडे दुपारपर्यंत खडखडीत वाळत. सावलीवाल्यांचे चौथ्या दिवशीही ओले आणि वर वास. सावलीवाल्यांनी एकदा पॅसेजमधून आडवी दोरी बांधली, ती कुणीतरी कापली. कुणी कापली हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त दोन्ही रांगांना वेगवेगळं माहीत होतं. अशा मजल्यावर प्रतिनिधी म्हणून न बोलणारी मुलगी उभी राहिली, हे दोन्ही बाजूंना दैवी वरदान वाटलं. ही निदान समोरच्यांची बाजू तरी घेणार नाही, म्हणून सगळ्यांनी हात वर केले.

मौनीने खाट मांडली, पुस्तकं लावली, दोन्ही कड्या घातल्या. पाच मिनिटांनी दारावर टकटक झाली.

पंखा कुरकुरतो. नळ गळतो. समोरच्या बाया मुद्दाम चपला वाजवत चालतात. चार दिवसांत एकतीस वेळा दार वाजलं. दुसरी कडी माणूस अडवते, आवाज अडवत नाही, हे मौनीला कळून चुकलं. पाचव्या दिवशी तिने घरी फोन लावला. तिचे वडील बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात होते. लोकांपासून स्वतःचा बचाव कसा करावा, याबाबत त्यांच्याइतकं अधिकारी माणूस तिला दुसरं माहीत नव्हतं.

"बाबा, लोक फार येतात हो."

"येणारच. दार उघडतेस ना तू?"

"मग काय, नाही म्हणू?"

"नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की माणूस भांडतो. अर्ज द्यायचा हातात."

"अर्जाने काय होतं?"

"काही होत नाही. त्यासाठीच असतो तो. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या माग. आणि साक्षीदार असे माग की मिळता कामा नयेत. माणूस जो साक्षीदार शोधायला जातो ना, तो... बत्तीस वर्षांत परत आलेले मी बोटांवर मोजून दाखवीन."

मागून आईचा आवाज आला, "पोरीला काय भलतंसलतं शिकवताय? जेवली का विचारा आधी!"

"जेवलीस का?" शासकीय बाब संपवून बाबांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी तीनशे बाराच्या दारावर एक पेटी आणि पेटीवर अर्जांचा गठ्ठा लटकला. प्रत्येक अर्जाच्या तळाशी लिहिलं होतं: 'तक्रारीची प्रत्यक्ष पाहणी केलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक. साक्षीदार समोरच्या रांगेतले असावेत.' शेवटचं वाक्य मौनीचं स्वतःचं. बाबांनी ते वाचलं असतं तर त्यांचा ऊर भरून आला असता.

मग चार दिवस अशी शांतता पसरली की मौनीने दोन राजघराणी संपवली.

चूक एवढीच झाली की बाबांच्या कचेरीत साक्षीदार शोधायला माणसाला तीन गावं ओलांडावी लागत. इथे सहा फूट पॅसेज ओलांडला की झालं.

तो पहिल्यांदा ओलांडला महाराणीने. महाराणी म्हणजे ऊनवाल्यांची पुढारी. तिच्या खोलीतला नळ आठवडाभर टपटपत होता. तिने समोरचं दार वाजवलं. ते निघालं पान्ह्याचं. पान्हा यंत्र अभियांत्रिकीला होती आणि उशीखाली खरोखरच पान्हा घेऊन झोपत असे.

"सही हवीये," महाराणी भिंतीकडे बघत म्हणाली.

"कशाला?"

"माझा नळ गळतोय म्हणून."

"गळू दे की. तुमच्याकडे ऊन आहे, वाळेल."

"देतेस की नाही, ते सांग!"

"बघितल्याशिवाय मी सही करत नाही. माझ्या मामाने एकदा न बघता केली, तर लग्न झालं त्याचं."

पान्हा बघायला गेली, आणि तिची रूममेट, म्हणजे साक्षीदार नंबर दोन, समोरची खोली आतून कशी असते या कुतूहलाने मागोमाग गेली. गळका नळ समोर असताना नुसतं बघत उभं राहणं पान्ह्याच्या स्वभावात नव्हतं. चार मिनिटांत तिने वायसर बदलला.

"झालं. आता अर्ज फाड."

"फाड काय? दोन-दोन सह्या मिळवल्यात मी तुमच्याकडून! वाया घालवू?" असं म्हणून महाराणीने खाली 'निवारण झाले' असं लिहिलं आणि अर्ज पेटीत टाकला.

तिथून जे सुरू झालं ते मौनीला दाराआडून, कानात बोटं घालूनही, नीट ऐकू येत होतं. पाहणी ही मजल्यावरची मुख्य करमणूक होऊन बसली. पंख्याची पाहणी, गादीची पाहणी, खिडकीतून दिसणाऱ्या कबुतराच्या वागणुकीची पाहणी. सावलीवाल्यांनी ओल्या कपड्यांची तक्रार लिहिली तेव्हा दोन ऊनवाल्या रीतसर गेल्या, ओढणी हुंगली आणि शेरा मारला: 'पाहणी नाकाने केली. तक्रार अत्यंत खरी आहे.' त्या आठवड्यापासून ऊनवाल्यांच्या खिडक्या दिवसाआड समोरच्यांच्या कपड्यांना मिळाल्या. रविवारी दुपारी कंटाळा येतो, अशीही एक तक्रार आली. तिला अकरा साक्षीदार होते आणि त्या सगळ्या कंटाळा बघायला चहाचे कप घेऊन पॅसेजमध्ये बसल्या होत्या. कुठे? तर पेटीजवळ. म्हणजे तीनशे बाराच्या उंबऱ्यात.

"जरा हळू!" मौनी आतून ओरडली.

"अर्ज कर!" बाहेरून उत्तर आलं.

रविवारी संध्याकाळी ती पेटी उघडून अर्ज फाइलला लावत असे. असाच एक अर्ज तिच्या हातात आला. सावलीवाल्यांच्या कोपऱ्यातल्या खोलीत पहिल्या वर्षाची एक मुलगी होती, अजून टोपणनावही न पडलेली, तिचा होता. 'तक्रार: घरची आठवण येते. संध्याकाळी जास्त.' साक्षीदार महाराणी आणि तिची रूममेट. खाली शेरा: 'साडेपाच ते साडेसात शेजारी बसून पाहणी केली. तक्रार खरी आहे. उद्या पुन्हा पाहावे लागेल.' त्याखाली वेगवेगळ्या शाईत पाच दिवस पाच जणींनी लिहिलं होतं, 'पाहणी केली.' सातव्या दिवशी: 'आज थोडी कमी.'

मौनीने तो अर्ज दोनदा वाचला. फाइलच्या तळाशी ठेवला. मग काढून सगळ्यात वर ठेवला. आणि पुन्हा कानात बोटं घालून राजघराण्याकडे वळली, कारण परीक्षा तोंडावर आली होती आणि बाहेर गिझरची पाहणी चालली होती.

सत्र संपताना रेक्टरबाईंनी चारही प्रतिनिधींच्या फायली मागवल्या आणि मौनीला एकटीला थांबवून घेतलं.

"एकशे त्रेसष्ट," बाई म्हणाल्या.

"हो मॅडम."

"पहिल्या मजल्यावर किती तक्रारी आहेत, माहितीये? शून्य."

"तिथे तीन दिवस पाणी नव्हतं, मॅडम."

"पाणी नव्हतं. तक्रार होती का? नव्हती."

पहिल्या मजल्याच्या प्रतिनिधीने तक्रारवही कपाटात ठेवली होती आणि कपाटाची किल्ली माहेरच्या दागिन्यासारखी जपली होती, हे मौनीला माहीत होतं. ती बोलली नाही. न बोलणं तिला जमायचं.

"यातल्या एकशे अठ्ठेचाळीस मिटल्यात मॅडम. मुलींनीच मिटवल्यात."

"मिटलेली तक्रार म्हणजे झालेली तक्रार. अहवालात 'मिटल्या' असा रकाना नाहीये." बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढल्यावर त्या मायाळू दिसत, म्हणून महत्त्वाच्या वेळी त्या तो काढत. "हे बघ बाळ. शांत मुलगी आहेस, खोली तुला शोभते. हा नवा तक्ता घे. शून्य लिही, सही कर. ही रद्दी मी बघते. तीनशे बारा पुढच्या वर्षीही तुझीच. नाहीतर सोमवारपासून जुन्या खोलीत."

आता इथे मौनीने बाणेदारपणे मान उंच केली असं सांगायला आवडलं असतं. पण तिने पेन उचललं. नाव लिहिलं, मजला लिहिला. डोळ्यांपुढे दुसरी कडी होती, कानांत मळमळ आणि पुरळ. 'तक्रारींची संख्या' या रकान्यावर तिने पेन टेकवलंसुद्धा.

तेवढ्यात फाइल टोपलीकडे नेता नेता बाईंची नजर वरच्या अर्जावर पडली. "हे काय? घरची आठवण? ही काय तक्रार झाली? खोटंच आहे सगळं."

"खोटं नाहीये," मौनी म्हणाली.

"काय?"

"सात दिवस पाहणी झालीये, मॅडम. रोज दोन-दोन तास. समोरच्या रांगेने केलीये. समोरची रांग कशाला खोटं बोलेल? त्यांचं तर पटतसुद्धा नव्हतं."

एवढं सलग ती वसतिगृहात पहिल्यांदाच बोलली होती. आता थांबायला हवं हे तिला कळत होतं, पण सवय नसलेल्या माणसाला थांबायचं कुठे ते समजत नाही. "आणि ती ओढणी पण मी स्वतः हुंगलीये," ती म्हणाली. हे खोटं होतं. मग तिने रकान्यात एकशे त्रेसष्ट लिहिलं, पुन्हा अक्षरी लिहिलं, आणि सही केली.

बाईंनी चष्मा घातला. "सोमवारी खोली रिकामी कर. मजल्याला सांग, नवी प्रतिनिधी निवडा."

निवडणूक रविवारी दुपारी पॅसेजमध्ये झाली. ऑफिसातल्या क्लार्कबाई कागद घेऊन उभ्या होत्या. "कोण उभं राहतंय?"

"मौनी," पान्हा म्हणाली.

"अगं, तिची खोली काढून घेतलीये."

"खोली काढलीये. तिला कुठे काढलंय? नियम वाचा की. प्रतिनिधी मजला निवडतो, खोली रेक्टर देतात."

क्लार्कबाईंनी नियम वाचला. दुर्दैवाने तो तसाच होता.

"मला नकोय!" मौनी म्हणाली.

"तुला विचारलंय कुणी?" महाराणी म्हणाली. "हात वर करा गं सगळ्यांनी!"

दोन्ही रांगांचे हात वर गेले. मग मौनीचा बांध फुटला. "तुमच्यामुळे माझी खोली गेली! अर्ज कशाला काढले होते मी? तुम्ही येऊ नये म्हणून काढले होते! समोरची रांग मुद्दाम लिहिलं होतं, जमू नये म्हणून! आणि तुम्ही... कबुतराची पाहणी करता!"

मग टाळ्या पडल्या. प्रतिनिधीने इतकं मोकळं भाषण करण्याची तिसऱ्या मजल्यावर ही पहिलीच वेळ होती.

खोली मात्र सोडावी लागलीच. तीनशे बारामध्ये रेक्टरबाईंनी मोडक्या खुर्च्या भरल्या. खुर्च्यांच्या तक्रारी नसतात. गादी डोक्यावर घेऊन मौनी जुन्या खोलीच्या दारात आली तेव्हा भोंगा पलंगावर मांडी घालून बसली होती आणि दुसरी खाट, सबंध सत्र उलटून गेलं तरी, रिकामी होती.

"इथे कुणी आलं नाही?"

"तीन जणी आल्या होत्या बघायला. सांगितलं, ढेकूण आहेत."

"आहेत?"

"छे गं. पण ढेकूण चावल्यावर काय काय होतं ते नीट क्रमाने सांगितलं मी. तिसरी तर पिशवीसुद्धा न घेता गेली."

मौनीने गादी खाली टाकली. "म्हणजे एकटीची खोली तुलाच मिळाली होती की. मी इकडे त्या खोलीपायी... मग आता मला का घेतेस?"

"भिंतीला सांगून पाठ होत नाही," भोंगा म्हणाली. "या सत्रात दोन विषय राहिलेत माझे. कुणीतरी ऐकणारं लागतं."

"मी कधी ऐकत होते?"

"ऐकत कुठे होतीस? वैतागत होतीस. तेवढं पुरतं मला."

मौनीने गादी खाटेवर चढवली, चादर झटकली, चारही कोपरे दाबून बसवले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पाच नाही. सहा."

"सहाला जगाला जाग येते. सव्वापाच."

"पावणेसहा, आणि येरझाऱ्या अनवाणी."

"साडेपाच," भोंगा म्हणाली. "चपला काढते."