संध्याकाळपर्यंतच्या सह्या

भिंतीवरच्या कागदाला भुलायचे दिवस रुपालीचे केव्हाच सरले होते. चाकणच्या कंपनीत ती क्वालिटीला होती, बारा वर्षं तक्तेच तपासत आली होती. तिचा थोरला भाऊ निरंजन मात्र हिंजवडीतल्या गार ऑफिसात बसून एका फोटोवर भाळला. शुश्रूषा केंद्राचं चौकटीतलं प्रमाणपत्र दिसलं, की झालं! बहिणीला न विचारता पठ्ठ्याने आईची जागा ठरवूनही टाकली.

आईची, अंबूबाईंची, डावी बाजू लुळी पडून तीन महिने झाले होते. पाठीला झालेली जखम आत्ता कुठे भरत आली होती. दर दोन तासांनी कूस बदलली नाही, तर ती पुन्हा चिघळेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सकाळी अकराला दोघा भावंडांनी आईला पिंपळे गुरवहून आणून केंद्रातल्या पलंगावर निजवलं. शेजारच्या पलंगावर छबूबाई नावाची म्हातारी उताणी पडून होती. तिच्या उशाशी कूस बदलल्याचा तक्ता लटकत होता. रुपालीने सवयीने तो हातात घेतला. आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा. सगळ्या सह्या एकाच हाताच्या. घड्याळात सव्वाअकरा वाजले होते.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी सहाची कूस सकाळीच कशी बदलली, असं तिने केंद्राच्या मॅनेजरला विचारलं. सकाळची मुलगी दिवसभराचं भरून ठेवते, पद्धतच आहे, असं तो हसत म्हणाला. वरून कीर्तन, आतून तमाशा!

ही पद्धत रुपालीला पुरती ठाऊक होती, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. ऑडिटच्या आदल्या दिवशी कंपनीत तिच्या लाइनवरही असेच तक्ते भरले जायचे, खाली तिचीच सही असायची. पण तिथे लोखंडाचे तुकडे होते.

निरंजन तिलाच दटावू लागला. एवढ्यातेवढ्यावरून तमाशा नको, घरी आईजवळ कोण बसणार, तू?

"भांडू नगा रं," अंबूबाई जड जिभेने म्हणाल्या. "मी ऱ्हाते हितं. दुखलं तरी न्हाई वरडायची."

रुपालीला रडू फुटलं आणि त्याचाही राग आला. "बसेन मी. रजा काढून बसेन," ती म्हणाली. "दादा, तू पाय धर."

दोघांनी आईला उचलून चाकांच्या खुर्चीत बसवलं. रुपाली खुर्ची ढकलणार, तोच छबूबाईने तिच्या ओढणीचं टोक घट्ट धरलं.

"जाताना माजी बी कूस बदल, बाई."