रवी उरकुडेची तपासणी

जून महिन्यातल्या त्या मंगळवारी ममताच्या पाळीचा नववा दिवस होता आणि ही गोष्ट उरकुड्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती. सासरे सदाशिवराव ओसरीवर सरकीची पाकिटं फोडत होते, त्यांना ठाऊक होती. सालगडी गोविंदा बैलांना पाणी दाखवत होता, त्यालाही.

"गोविंदा, जीप रवीनं नेली, आमाले फाट्यावर सोडून दे बंडीनं," सासू कौसल्याबाई अंगणातून ओरडल्या. "सुनेची सोनोग्राफी हाये. नववा दिस."

गाव केळापूरच्या पलीकडं चार किलोमीटर. फाट्यावरून पांढरकवडा, तिथून एसटीनं यवतमाळ. दवाखान्यात बाकावर दहा-बारा बायका. एकीचाही नवरा सोबत नव्हता.

डॉक्टरबाईंनी ममताला पडद्यावर एक काळा ठिपका दाखवला. "दर महिन्याला एक बीज वाढतं. ही त्याची पिशवी. आज अकरा मिलिमीटर आहे. अकराव्या, तेराव्या आणि पंधराव्या दिवशी पुन्हा या. पिशवी कधी फुटते ते कळलं की दिवस सांगता येतात." मग त्यांनी कौसल्याबाईंकडं पाहिलं. "यांचे मिस्टर कधी येणार?"

"त्याले काय झालं, बाई? सहा फूट हाये तो."

"उंचीवर नसतं ते, आजी."

अकराव्या दिवशी पंधरा मिलिमीटर. तेराव्या दिवशी एकोणीस. पंधराव्या दिवशी पिशवी फुटलेली, म्हणजे जे व्हायला हवं ते सगळं झालेलं. तेराव्या दिवशी घरी परतल्यावर कौसल्याबाईंनी चपला काढायच्या आत मुलाला हाक मारली. "रवी, आज-उद्या घरीच राय. डॉक्टरीणबाईनं सांगतलं."

"डुकरं घुसून राह्यले वावरात. जागलीले जाणं हाये," रवी म्हणाला आणि बॅटरी घेऊन निघून गेला. जुलैत तेराव्या दिवशी तो पुन्हा जागलीला गेला. ऑगस्टमध्येही. लग्नाला सहा वर्षं झाली होती.

ऑगस्टच्या शेवटी डॉक्टरबाईंनी बजावलं, "नवऱ्याचा रिपोर्ट आणल्याशिवाय पुढची सोनोग्राफी करणार नाही." आठ दिवसांत रिपोर्ट आला. पांढरकवड्याच्या एका लॅबचा, वर नाव रवी सदाशिव उरकुडे, वय बत्तीस. सगळं उत्तम. कौसल्याबाईंनी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून घेतला आणि हळदीकुंकवाला गेल्या तिथं तिथं पिशवीतून काढून दाखवला. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं ते पाठ झालं होतं.

त्या दिवसापासून ममता वांझ ठरली. आधी शंका होती, आता लेखी पुरावा होता.

ऑक्टोबरात कापूस फुटला. आमच्या भागात पहिल्या वेचणीच्या दिवशी सीतादही करतात. पराटीखाली, म्हणजे कापसाच्या झाडाखाली, दगड मांडायचे, दहीभात वाहायचा, पाच सवाशिणी बसवायच्या आणि घरच्या सुनेनं पहिलं बोंड वेचायचं. ममतानं दही विरजलं, भात शिजवला, डोक्यावर टोपलं घेऊन वावरात आणला.

"ठेव तिथं," कौसल्याबाई म्हणाल्या. "आता बांधावर जाऊन उभी राय."

"आत्याबाई, मी घरची सून हाये."

"म्हणून तं सांगतो. रिकाम्या पोटाचा हात पहिल्या बोंडाले नोको."

पहिलं बोंड गोविंदाच्या बायकोनं, सोनीबाईनं वेचलं. तिला तीन मुलं होती. ममता धुऱ्यावर उभी राहून पाहत होती. सदाशिवराव गावातले भांडणतंटे सोडवणारे, चार लोकांत मान असलेले. ते तिथंच होते.

ते २०१७ साल होतं. नोव्हेंबरात बोंडं फोडली की आत गुलाबी अळी निघायची. ममतानं कधी पाऊल ठेवलं नव्हतं अशा वावरांतही तीच अळी होती. तरी कौसल्याबाई शेजारणीला सांगत, "बांधावरून नजर टाकली तिनं. पाह्य, काय झालं."

डिसेंबरात बाया उरलीसुरली कवडी वेचत होत्या. किडका, डागी कापूस. ममताच्या शेजारचा तास, म्हणजे पराटीची ओळ, सोनीबाईचा होता.

"वहिनी, एक सांगू? मले मारान नाही ना?"

"काहून मारीन व?"

"तुमची सासू तो कागद दाखवत फिरते ना, पिलाष्टिकचा. तो आमच्या घरचा हाये."

ममताचा हात थांबला.

"लॅबमधी तुमचे मालक गेलेच नाई. आमच्या ह्यालेच पाठवलं. 'नाव माह्यं सांग,' म्हणे. गेला हा येडा. डबी देऊन आला, अन् येतायेता भजे खाऊन आला." सोनीबाईला हसू फुटलं. "तीन लेकराच्या बापाचा कागद वाईट कसा येईन?"

"गोविंदानं ऐकलं कसं?"

"सालगडी हाये, वहिनी. मालक म्हणे बैल धू, तं बैल धुते. मालक म्हणे डबी भर, तं..." तिचं हसू विरलं. "पण सीतादहीले तुमाले बांधावर उभं केलं अन् मले बसवलं. तवापासून अन्न गोड लागत नाई. माह्या नवऱ्याच्या कागदानं तुमाले वांझ केलं."

ममता रडली नाही. तिनं तास पुरा केला, ओटीतली कवडी ढिगावर ओतली आणि घरी येऊन भाकरी थापल्या. त्या महिन्यातही ती चारही वेळा यवतमाळला गेली. दर खेपेला कागद मागून घेतला, घडी न पाडता पिशवीत ठेवला. हे कागद आता तिला मुलासाठी नको होते.

जानेवारीत बैठक ठरली. घाटंजीकडची रुखमाबाई, नवरा गेलेली, आपली एकोणीस वर्षांची पायल घेऊन आली. रवीला दुसरी करायची होती. देवळात हार घालू, गाजावाजा नको, असं ठरलं होतं. फक्त पहिलीची संमती हवी होती. सदाशिवरावांनी स्टॅम्प पेपर टाइप करून आणला होता: 'मला मूल होत नसल्याने माझ्या पतीच्या दुसऱ्या विवाहास माझी हरकत नाही.' पहिली बायको असताना दुसरी करणं गुन्हा आहे आणि तिच्या सहीनं तो मिटत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. गावात असे कागद त्यांनीच दोन-तीन घरांत करून दिले होते.

"सही कर, ममता," ते पेन पुढं करत म्हणाले. "तू बी राहशीन घरात. मोठी म्हणून राहशीन."

"करतो, मामाजी. पण पोरीच्या मायले आधी माह्ये कागद ऐकू द्या."

तिनं पिशवी मांडीवर घेतली. "जून. नववा दिवस, अकरा मिलिमीटर. अकरावा दिवस, पंधरा. तेरावा, एकोणीस. पंधरावा, बीज फुटलं. जुलै. नववा दिवस, दहा मिलिमीटर..."

आवाज चढला नाही, थांबलाही नाही. पाहुण्यांपैकी कुणीतरी खोकललं. रवी जमिनीकडं पाहत होता.

"पुरे झालं," सदाशिवराव म्हणाले.

"अठ्ठावीस हायेत, मामाजी. बाराच झाले."

ती अठ्ठावीसही वाचून थांबली. मग रुखमाबाईकडं वळली. "सात महिने, मावशी. सातही वेळा बीज आलं, सातही वेळा फुटलं. हे माह्ये कागद. आता यांचा ऐका. यांचा एकच हाये, अन् तोही गोविंदाचा."

गोविंदा चहाचा ट्रे घेऊन मधोमध उभा होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर गेल्या. त्यानं मालकाकडं पाहिलं.

"काय रे बापू, खरं हाये काय?" रुखमाबाईनं विचारलं.

"त्याले काय विचारता?" दारातून सोनीबाई म्हणाली. "मले विचारा. खरं हाये. लॅबमधी डबी माह्या नवऱ्यानंच दिली."

"खोटं बोलते साली!" रवी उठला.

"मंग चला," ममता म्हणाली. "जीप दारात हाये. मावशीच्या समोर, आत्ता, यवतमाळले. खोटं निघालं तं मी या कागदावर सही करतो अन् तुमच्या नव्या बायकोची वेणी बी घालून देतो."

रवीनं चपला घातल्या. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. सगळे कान देऊन बसले. गाडी फाट्याकडं गेली नाही, वावराकडं गेली.

रुखमाबाईनं चहाला हात लावला नाही. तिनं पायलचं मनगट धरलं, उठवलं आणि उंबऱ्यात थांबून कौसल्याबाईंना म्हणाली, "गरीब हाओ आमी. पण पोरगी नासवाले नाई आणली."

त्याच संध्याकाळी गोविंदाला कामावरून काढलं. ममताला घरातून काढलं. ती लोहाऱ्याला माहेरी आली. तिचे वडील तिथल्या एमआयडीसीत कामाला होते. त्यांच्या ओळखीनं गोविंदाला दालमिलमध्ये काम मिळालं. इथं गोष्ट संपली असती, तर उरकुड्यांना ती चालली असती. सुना अशा माहेरी येतात, बाप मान खाली घालतो, वर्ष-दोन वर्षांत फारकतीच्या कागदावर सही होते.

ममतानं फारकत दिली नाही. कुंकू पुसलं नाही.

फेब्रुवारीत उरकुडे राळेगावकडं मुलगी पाहायला निघाले. कौसल्याबाईंना कुठलीही गोष्ट अंगणात सांगितल्याशिवाय राहवत नसे, आणि ते अंगण ऐकणाऱ्या बायकांपैकी दोघी सोनीबाईच्या नात्यातल्या होत्या. उरकुड्यांची जीप पोचण्याआधी दोन तास ममता एसटीनं पोचली होती. तिनं मुलीच्या आईसमोर कागद मांडले, पाणी प्यायली आणि आली तशी परतली. जीप पोचली तेव्हा घराला कुलूप होतं. मार्चमध्ये वणीकडं तेच झालं. नंतर झरीकडं.

एप्रिलमध्ये सदाशिवराव एकटेच लोहाऱ्याला आले. टोपी हातात होती.

"लोक हासून राह्यले, ममता. आता बस कर."

"मी बांधावर उभी होती तवा बी लोक हासले, मामाजी. तुमी तिथंच होते."

"लेकरू हाये माह्यं. त्याचा काय दोष? सोळाव्या वर्षी गालफुगी झाली त्याले, त्यातच त्याचं बीज गेलं. नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं होतं, लग्नाच्या दुसऱ्याच साली..."

ते थांबले, पण उशीर झाला होता.

"म्हंजे मी पहिल्यांदा त्या टेबलावर झोपली, तवा तुमाले माहीत होतं. त्याले बी माहीत होतं. अन् अठ्ठावीस वेळा मले पाठवलं."

"घराची अब्रू असते, सूनबाई."

"त्याच्या आजाराचा राग नाई मले. मले सांगतलं असतं तं दोघं मिळून औषध केलं असतं, नाई तं लेकरू दत्तक घेतलं असतं. पण तुमाले लेकरू पाह्यजेच नव्हतं. तुमाले एक बाई पाह्यजे होती, जिच्यावर ढकलता येईन. माह्यं बोट सुटलं, म्हणून आता दुसरीचं धरून राह्यले."

"काय पाह्यजे तुले? सांग, देतो."

"त्यानं त्या बाकावर येऊन बसावं. बायांच्या मधात. नंबर येईपर्यंत. त्याचा खरा कागद आत्याबाईनं घरोघरी दाखवावा, तसाच पिलाष्टिकमधी घालून. त्या दिवशी फारकतीवर सही करतो."

"तो नाई बसणार."

"मंग माह्या बापाजवळ एसटीच्या भाड्याइतके पैसे हायेत."

मे महिन्यात उरकुड्यांची जीप मारेगावकडच्या एका घरासमोर थांबली. सदाशिवराव उतरले, कौसल्याबाई उतरल्या, सोबत दोन मध्यस्थ. रवी मागच्या सीटवर होता. दारातून त्यांना आतली पाठमोरी बाई दिसली. यावेळी ती निघून गेली नव्हती. खाटेवर बसून चहा पीत होती. तिनं मागं वळून पाहिलंही नाही.

मुलीची आई उंबऱ्यात आली. पायांवर पाणी घ्यायला तांब्या दिला नाही, या बसा म्हणाली नाही. तिनं पदर कमरेला खोचला आणि जीपमधल्या माणसाकडं पाहत हात पुढं केला.

"पोरगी मंग दाखवतो," ती म्हणाली. "आधी पोराचा कागद दाखवा. त्याचा सोताचा."