केवढ्याला पडली

जुन्या सायकलचा भाव मी आण्यांत काढते. आणे चलनातून गेले त्याला जमाना झाला, पण बोलण्यातून गेले नाहीत, आणि टक्के मला कधी जमले नाहीत. दुकानातली कोरी सायकल म्हणजे सोळा आणे. दुकानाचा उंबरा ओलांडला की चार गेले. पुढे वय, झीज, मालकाचा स्वभाव. हे मला कुणी शिकवलेलं नाही. पहिली सायकल खोलली ती परत जोडता आली नाही, दुसरी जोडली तेव्हा तीन स्क्रू उरले. आता उरत नाहीत, एवढंच माझं शिक्षण.

त्या रविवारी पंचाईत अशी होती, की विकणारे माझे धाकटे दीर आणि घेणारी माझी मैत्रीण. आणि दोघांनी मला न विचारताच ठरवून टाकलं होतं, की मी म्हणेन तो भाव.

मैत्रीण गणित शिकवते. आम्ही तिला मास्तरीणबाईच म्हणतो. गेल्या वर्षी तिच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, खाली सायकल ठेवू देत नाहीत. जुनी लोखंडी सायकल एका हातानं वर नेणं जमेना, म्हणून तिनं ती विकली आणि सहा महिने बसनं शाळेत जाते आहे. कालव्याच्या कडेचा तिचा रस्ता खडीचा, अकरा किलोमीटरचा. "त्या अकरा किलोमीटरांत मी कुणाची बाई नसते गं," असं ती एकदा म्हणाली होती. दिरांची सायकल नेमकी तशा रस्त्यासाठीच केलेली, रुंद टायरांची, आणि अख्खा सांगाडा कार्बनचा, म्हणजे एका हातानं उचलावी इतकी हलकी. ही मिळाली तर रस्ता परत मिळणार होता, नाहीतर बस होतीच.

तिच्या पर्समध्ये किती आहेत ते मला माहीत होतं. माझ्या हिशेबानं आठ आणे. दिरांनी अकरा सांगितले होते.

सायकल त्यांच्या बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या मागे उभी होती. तीन वर्षांत पाहुण्यांपेक्षा जास्त मान तिला होता, असं जाऊबाईंचं म्हणणं. त्या सोफ्यावर कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. मी साखळी मापली, ब्रेक पाहिले, टायरवर अंगठा फिरवला. उंबऱ्याचे चार, तीन वर्षांचे दोन, झिजेचा एक. राहिले नऊ. मास्तरीणबाईनं माझ्या चेहऱ्यावरूनच आकडा ओळखला आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

आता आण्यांचे पैसे करायला मूळ किंमत हवी. दीर आत मिक्सरवर सगळ्यांसाठी रस काढत होते. मी आवाज चढवून विचारलं,

"भाऊजी, ही केवढ्याला पडली हो?"

मिक्सर थांबला.

"ओढ्याला कुठे, वहिनी? ओढ्याच्या अलीकडे, वळणावर. आणि पडली म्हणजे काय, नुसती टेकली."

जाऊबाईंच्या हातातली चादर अर्ध्या घडीत राहिली. दीर ट्रे घेऊन बाहेर आले आणि तीन बायका आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर दारातच उभे राहिले.

"वहिनी किंमत विचारत होत्या," जाऊबाई म्हणाल्या. "केवढ्याला."

"अच्छा. केवढ्याला."

"बाकीचं मी विचारते. तो गुडघा सुजला होता, तेव्हा दाराला आपटलो म्हणाला होतात ना?"

"दारालाच आपटला. ओढ्यापाशी एक फाटक आहे."

मास्तरीणबाईला हसू आवरेना. मलाही आवरत नव्हतं, पण मी पुढचं चाक काढायला घेतलं. कार्बनचं असं आहे, की लोखंड वाकून सांगतं, हे शेवटपर्यंत गप्प बसतं आणि मग एकदम बोलतं. सगळा सांगाडा स्पिरिटनं पुसला, टॉर्च धरला, आणि नाण्यानं इंचाइंचावर टकटक करत गेले. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो. सांगाडा सगळीकडे खणखणीत होता. पण पुढचं चाक धरणारा चिमटा असतो, त्याच्या उजव्या पायावर एक ओरखडा होता आणि तिथे आवाज जरा बसका वाटला. वाटला म्हणते, होताच असं शपथेवर सांगणार नाही. आतलं मला दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्यावर मी मैत्रिणीला बसवणार नाही.

"चिमटा बदलायचा," मी म्हटलं. "तसाच कार्बनचा घ्यायचा तर दोन आणे. म्हणून सायकलचे सात."

दीर खाली बघत होते. "चार द्या आणि घेऊन जा. मी सांगायला हवं होतं. सांगणार होतो, पण मग हिला पण कळलं असतं."

मास्तरीणबाईची पर्स तेवढ्यात उघडलीसुद्धा.

"बंद कर ती," मी म्हटलं. "सात."

"तू माझी मैत्रीण ना?"

"आहे की. चारला घेतलीस तर भाऊजी रस्त्यात दिसले की तुला गल्ली बदलावी लागेल. हा शरमेचा भाव आहे, सायकलचा नाही."

"वहिनी, मी देतोय ना पण."

"उद्या सकाळी तुम्हालाच खुपेल. सायकल सातची आहे, भाऊजी. अकराचीही नव्हती आणि चारचीही नाही."

मास्तरीणबाईनं पर्स बंद केली. गणिताची बाई ती, बेरीज तिनं माझ्या आधी केली होती. "सात आणि चिमट्याचे दोन, नऊ," ती हळूच म्हणाली. "परत नऊच की गं."

हे मला आधी सुचायला हवं होतं. मी रसाचा पेला संपवला, तोवर सुचलं. माझ्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात धातूचा एक साधा चिमटा पडून आहे, याच मापाचा. त्याचा एकच आणा. सात आणि एक, आठ. खोट एवढीच, की तो अर्धा किलोनं जड.

अर्धा किलो म्हणजे काहीच नाही, असं दोन धड खांद्यांच्या माणसानं म्हणावं. तिनं डावा खांदा चाचपला. "अर्धा किलो तिसऱ्या मजल्यावर किती होतो, ते जिन्यावरच कळेल."

मी चाक परत बसवलं. "जाऊबाई, घरात अर्ध्या किलोचं काही आहे का? पिशवीबंद?"

त्यांनी मिठाचा पुडा आणला.

"मीठ कशाला?" दीर म्हणाले. "जखम माझी आहे, मान्य आहे."

पुडा कापडी पिशवीत घालून मी हँडलला बांधला. दिरांचं घर तळमजल्यावर, इमारत नेमकी तीन मजल्यांची. मास्तरीणबाईनं सायकलच्या आडव्या दांड्याखाली डावा हात घातला, एकदा जोखली, आणि खांद्यावर घेतली.

"मी मागून धरू का?" दिरांनी विचारलं.

"तुम्ही राहू द्या," जाऊबाई म्हणाल्या. "टेकवाल."

आम्ही तिघं जिन्याच्या तोंडाशी माना वर करून उभे. पहिला मजला पावलं एका लयीत गेली. दुसऱ्यावर थांबली. वर कुणाचं तरी दार उघडलं, "काय हो, लिफ्ट नाही का सायकलला?" असं कुणीतरी विचारलं, आणि ती काहीतरी म्हणाली ते ऐकू आलं नाही. मग बराच वेळ काहीच नाही. दीर पहिल्या पायरीवर चढले, मी त्यांची बाही धरली. मग पावलं पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा सावकाश, पण एकामागून एक.

तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर आधी पुढचं चाक दिसलं, मग ती. केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लालबुंद.

"सात," ती वरून म्हणाली.

"सात," दीर खालून म्हणाले.

"आणि उतरताना मीठ सांभाळून आणा," जाऊबाई म्हणाल्या. "घरात तेवढंच आहे."