टेकडीवरची आणि ओढ्याकाठची

वडिलांच्या मागे दोघी बहिणींत द्राक्षमळ्याची वाटणी झाली, तेव्हा थोरलीनं ओढ्याकाठचं काळंभोर रान मागून घेतलं. धाकटीच्या वाट्याला टेकडीचा चुनखडीचा उतार आला. वेली दोन्हीकडे एकाच जातीच्या, शार्डोने या वाइनच्या द्राक्षाच्या. खालच्या अंगानं भरलेल्या, वरच्या काटकुळ्या.

वाइनही तशीच व्हायची. थोरलीच्या वाइनला पिकल्या फळांचा घमघमाट, पण घोट घेतला की ती जिभेवर सुस्तावून पडायची. वर हवा गार आणि वारा सदाचा, म्हणून धाकटीची द्राक्षं उशिरा पिकायची, आंबटपणा धरून ठेवायची. तिची वाइन पिताना थोरलीचा नवरा एक डोळा मिटून घ्यायचा.

"भाऊजी, औषध नाहीये ते," धाकटी म्हणायची.

"औषध बरं, निदान चमच्यानं घेतात."

बहिणी हसायच्या, पण आपलीच वाइन खरी, हा हेका दोघींनी सोडला नाही.

एका वर्षी कोवळे कोंब फुटले आणि कडाक्याची थंडी पडली. गार हवा पाण्यासारखी उतारावरून वाहत खाली आली आणि ओढ्याकाठी साचली. सकाळी धाकटी धावत आली, तर थोरली उपड्या क्रेटवर बसलेली. भोवतीचे कोंब काळे पडले होते.

"तुझं?" थोरलीनं विचारलं.

"वाचलं, ताई."

"चला, एकीचं तरी वाचलं." थोरलीनं डोळे पुसले आणि तिला शेजारी जागा करून दिली.

वेलींना पुन्हा थोडे कोंब फुटले. तोडणीला धाकटी आपली सगळी माणसं घेऊन आधी खालीच उतरली. एवढं करून थोरलीचं जेमतेम एक पिंप भरलं.

वाइन तयार झाल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, तुझी माझ्यात मिसळून बघू?"

"म्हणजे माझी तुझ्या पदराखाली?"

"माझीच तुझ्या पदराखाली म्हण. पण बघू तर दे."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर जग, पेले मांडले. वरची जास्त, खालची कमी. मग थोडी आणखी खालची. चौथ्या खेपेला दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. धाकटीच्या तरतरीला थोरलीचं भरलेपण मिळालं होतं. पेला भाऊजींच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही डोळे उघडे ठेवून तो संपवला आणि पुढे केला.

"अहो, कशी झाली ते सांगा ना," थोरली म्हणाली.

"बोलण्यात वेळ घालवू नका. ओता."

पुढच्या वर्षी थंडीनं दगा दिला नाही. ओढ्याकाठी घड लगडले. स्वतःच्या टाक्या भरतील एवढी द्राक्षं असूनही थोरलीनं भरलेला ट्रॅक्टर टेकडीकडे वळवला, धाकटीच्या द्राक्षांत मिसळायला. वर धाकटीनं फाटक आधीच उघडून ठेवलं होतं. आता भांडण उरलं होतं ते एवढंच, की बाटलीवर कुणाचं नाव आधी घालायचं. दोघी दुसरीचंच घालायचं म्हणून अडून बसल्या होत्या.