गढूळ झालेल्या सहा बाटल्या

मे महिना. परभणी. बाहेर चव्वेचाळीस अंश.

गेल्या वर्षी जिंतूरच्या बसमध्ये माझ्या मांडीवर थर्मास. कंडक्टर म्हणाला, "चहा हाय का, ताई?" लोणारच्या तळ्याचा चिखल होता.

सकाळचं वरण दुपारी नासतं. हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही.

कोऱ्या सुती कापडावर मेणासारखा थर असतो. गिरणीत तो कॉस्टिक सोड्यात उकळून काढतात. ते सांडपाणी कुठं जातं, विचारू नये.

आता सरळ सांगते, नाहीतर डोकं फुटेल.

त्या चिखलात मला एक जिवाणू सापडला. साठ अंशांच्या, सोडा घातलेल्या पाण्यात तो मजेत वाढतो आणि एक एन्झाइम सोडतो. ते एन्झाइम कापडावरचा थर काढतं, उकळावं लागत नाही. गुरुवारी गिरणीची माणसं बघायला येणार होती. त्यांचा होकार आला तर प्रकल्प चालू, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप. साठवून ठेवलेल्या त्या जिवाणूची शेवटची कुपी मी सहा बाटल्यांत घालून बसले होते. नऊ दिवस पाणी स्वच्छ. स्वच्छ म्हणजे काही वाढत नाही.

सोमवारी आले तर सहाही बाटल्या लखलखीत, पालथ्या, वाळत ठेवलेल्या.

"किशनराव!"

प्रयोगशाळेचे परिचर. तीस वर्षं नोकरी, हातून एक काच फुटली नाही.

"पार नासलं होतं, मॅडम. वर साय. वास तर असा मारायलता! मनलं, पावणे यायचेत, घासून ठिवावं."

"गढूळ झालं होतं?"

"तर! चिखल नुसता."

"गढूळच व्हायला पाहिजे होतं! गढूळ म्हणजे वाढलं, किशनराव!"

"मग तसं मनायचं की. नासलेलं आन वाढलेलं, दिसायला एकच."

मी खुर्चीत बसले. उठले. पुन्हा बसले.

"धुतलं कशानं?"

"चांगलं धुतलं. कढत पाणी आन धुण्याचा सोडा, मूठभर."

कढत पाणी. सोडा. इतर कुठलाही जंतू मेला असता. याचं तर ते माहेर.

"बेसिनचा पाईप खोला."

"आं?"

"खोला म्हणते ना!"

ते पाना घेऊन आडवे झाले, मी बादली धरली. "तीस सालात घाण काढायला लई जणांनी लावली," ते पाईपाखालून म्हणाले, "जपून ठिवायला तुमीच पहिल्या."

काळा गाळ निघाला. तो साठ अंशांच्या सोड्याच्या पाण्यात घातला आणि बाटलीवर ठळक लिहिलं: नासू द्या.

बुधवारी बाटली गढूळ. कोरं कापड त्यात तासभर बुडवलं, वाळवलं, वर पाण्याचा थेंब टाकला. एरवी तो मोत्यासारखा बसून राहतो. मुरला. दुसरा टाकला, तोही मुरला. थर गेला होता.

किशनराव नाक दाबून बघत होते. "आता हे धुयाचं का न्हाई, तेवढं सांगून जा."

सोमवारी सकाळी, बाटल्या ओतण्याआधी, त्यांनी मला तीनदा फोन केला होता. मी उचलला नव्हता.