ताडपत्री उलटली!

अहो, इकडे, खाली बघा! जरा पाय जपून, मी ताडपत्री आहे. ट्रकवरची, निळी, दोन ठिगळांची. ठिगळांना हसू नका हं. आज मी इतकी खुशीत आहे की कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालंय.

जन्म माझा कारखान्यातला. कडांना पितळी कड्या ठोकल्या नि दुकानात थप्पीला लावलं. तिथून मालकांनी उचललं. त्यांचा धंदा घरसामान हलवायचा. तेव्हापासून लोकांची कपाटं, पलंग, गाद्या माझ्या पोटाखाली. माणसांची एक गंमत सांगते. घर बदलताना फ्रिज आमच्या भरवशावर सोडतील, पण टवका उडालेली कुंडी मांडीवर घेऊन बसतील!

मालक मनाने सोनं, पण आवाज? बाप रे! "डावीकडे घे! वाक! अरे, लक्ष कुठंय तुझं?" त्यांच्या आवाजावर कपाटं जिने उतरायची. हमालांना स्वतःचं डोकं चालवायची सवयच राहिली नव्हती.

मग मालकांचे गुडघे गेले नि धंदा लेकीने, म्हणजे आमच्या ताईने बघायचं ठरलं. पण ताई काहीही म्हणाली, की सगळे आधी मालकांच्या तोंडाकडे बघायचे. परवा तर मालक म्हणालेच, "पोरी, माणसं तुझं ऐकत नाहीत. असंच चाललं तर गाड्या विकून टाकतो." ताईचा चेहरा एवढासा झाला. माझाही जीव टांगणीला लागला, कारण गाडी विकली की ताडपत्रीही तिच्याबरोबर जाते.

आज सकाळी ताईने मला चौघडी घालून गोदामात अंथरलं.

"चपला काढा नि सगळे हिच्यावर उभे राहा. जमिनीला पाय न लावता हिला उलटी करायची."

"आणि उलटताना आम्ही कुठे उभं राहायचं?" पैलवानाने विचारलं. हमालांतला सगळ्यात दांडगा तो.

"तुम्ही वरच!"

"ताई, हा काय पोरखेळ?" ड्रायव्हरकाका हसले.

"पोरखेळच आहे, काका. या तुम्हीही. बाबा, तुम्हीसुद्धा!"

झालं! मालकांनी लगेच हुकूम सोडायला सुरुवात केली. पैलवानाने सवयीने असा हिसका दिला की अख्खी पलटण जमिनीवर. पुन्हा चढले, पुन्हा आपटले. मग ताई ओरडून बघू लागली, थेट बापाच्याच सुरात. तरी तेच!

"बघ," मालक म्हणाले. मला अगदी रडू फुटायचं बाकी होतं.

पुन्हा सगळे चढले. या खेपेला ताई ओरडली नाही. तिने विचारलं, "पैलवान, तुझ्या कोपऱ्यातून काय दिसतंय? कुठे अडतंय?"

पैलवानाने मान खाली घातली. काका छताकडे बघायला लागले. मला ठाऊक होतं हो! मालक मधोमध ठाण मांडून उभे होते नि मला वळायला जागा हवी होती ती नेमकी त्यांच्या पायाखाली. दिसत सगळ्यांना होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

ताईने मालकांच्या पायांकडे बघितलं. तिचे तळपाय घामाने ओले झालेले मला कळत होते.

"बाबा, अडतंय ते तुमच्यामुळे. पाय उचला."

मालकांचे कान लाल झाले. "उचलून ठेवू कुठे? हवेत?"

"पैलवान, बाबांना पाठुंगळीला घे."

आता बघा हं! पैलवानाने मालकांकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ म्हणाला, "कुठल्या बाजूने घेऊ, ताई?"

अहो, माझी कडी न् कडी शहारली! मालक पाठीवर गेले. ताई म्हणाली, "काका, कोपरा तुम्हाला दिसतोय, तुम्ही सांगा." काका सांगत गेले, बाकीचे दोघे हमाल एका पायावर लटपटत सरकत गेले, नि मी सळसळत उलटले! असा काही कल्ला झाला म्हणता!

"अरे, मला उतरव की आता!" मालक वरून ओरडले.

"ताई, उतरवू?" पैलवानाने विचारलं.

मालक पाठीवरच खो खो हसले. "तिलाच विचार रे. गाड्या आता तिच्या आहेत."

ताई मटकन माझ्यावर बसली नि रडायलाच लागली. अजून इथेच बसलीय. तुम्ही पुढे याल तर हळू या, आणि कृपा करून मला एवढ्यात गुंडाळू नका.