गोड्या पाण्याचा करंट

वडनेर भोलजीत पंखे, मिक्सर दुरुस्त करणाऱ्या पुष्पांजलीने यंदा सासूच्या कुरडयांसाठी गच्चीवर एक यंत्र बसवलं. एका पट्टीवर दोन उघड्या तारा शेजारी शेजारी. त्यांच्यावर पाणी पडलं की मधून बारीकसा करंट जायचा. तो पुरेसा वाढला की रिले, म्हणजे करंटवर चालणारा स्विच, टक्कन लागायचा आणि जुन्या जीपच्या वायपरची मोटर कुरडयांवर ताडपत्री ओढायची. सासूबाई अंबूबाईंनी घरच्या बोअरचं लोटाभर पाणी ओतून पाहिलं. ताडपत्री सरसर धावली. समोरच्या कोकिळाबाई टाळ्या पिटून गेल्या.

चौथ्या दिवशी दुपारी अवकाळी आभाळ भरून आलं. सासूसुना निवांत चहा घेत बसल्या. थेंब पडले, पत्रे वाजले, मोटर मात्र गप्प! दोघी धापा टाकत जिना चढल्या, हातांनी ताडपत्री ओढली. तोवर अर्ध्या कुरडयांचा लगदा झाला होता.

पुष्पांजलीचा चेहरा पडला. पाऊस उघडल्यावर तिने तारा तपासल्या, बॅटरी तपासली. पट्टी पुसून लोट्यातलं पाणी ओतलं, तर मोटर लगेच सुरू!

"आता काऊन चालते हे?" ती वैतागली. "मंघाशी काय झोपलं होतं?"

अंबूबाईंनी घमेल्यात साचलेलं पावसाचं पाणी बोटाने चाखलं. "हे तं गोडं हाय वं. आपल्या बोअरचं खारं."

पुष्पांजली बघतच राहिली. खरंच की! खाऱ्या पाण्यातून करंट भरपूर जातो. पावसाच्या पाण्यात मीठच नाही, तर रिले लागण्याइतका करंट येणार कुठून?

"आत्याबाई, तुमी तं इंजिनेर निघाल्या!"

"मंग त्याले मीठ चार," अंबूबाई म्हणाल्या.

पुष्पांजलीने चिंधी मिठाच्या पाण्यात भिजवली, कडक वाळवली आणि तारांवर बांधून टाकली. आता पाऊस पडला की चिंधीतलं मीठ विरघळून पाणी आपोआप खारं होणार होतं.

आठवड्याने कोकिळाबाईंच्या नातीचं बारसं होतं. घरच्या गच्चीवर नव्या कुरडया, इकडे बारशात पाळण्याची दोरी अंबूबाईंच्या हातात, आणि तेवढ्यात टपटप थेंब आले. पुष्पांजलीने दाराशी जाऊन कान दिला. मग गल्लीपलीकडून मोटरची घरघर ऐकू आली.

"चालू झालं वं!" अंबूबाईंनी दोरीच सोडली. "चाला, दाखवतो तुमाले!"

डोक्यावर पदर घेऊन साऱ्या बाया पावसातच गच्चीवर. ताडपत्रीखाली कुरडया कोरड्या ठणठणीत! अंबूबाई एकेकीला करंट समजावून सांगत होत्या आणि पुष्पांजली हसत होती. नातीचं नाव समता ठेवायला अर्धा तास उशीर झाला. ती आपली पाळण्यात गाढ झोपली होती.